क्रेन, होईस्ट आणि स्लिंगची भार चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न भोसरी, चाकण, रांजणगावच्या शेडमध्ये उभ्या उभ्या विचारले गेलेले आहेत. कुणी नवी पाच टनी क्रेन बसवली म्हणून विचारलं, कुणाकडे ग्राहकाचं ऑडिट येणार होतं म्हणून, आणि कुणाच्या शेजारी जॉब (उचललेला नग) धाडकन खाली आला म्हणून. मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून मी क्रेन तपासत आलो, त्यामुळे उत्तरंही शेडमधल्याच भाषेत देतो.

भार चाचणी म्हणजे नेमकं काय करतात?

क्रेनवर जेवढा सुरक्षित भार लिहिलेला आहे त्याहून ठरावीक प्रमाणात जास्त, आधी काट्यावर मोजलेलं वजन उचलायचं, काही वेळ धरून ठेवायचं, क्रेन काय करते ते मोजायचं आणि वजन उतरवल्यावर ती जशीच्या तशी पूर्वपदावर आली का ते बघायचं. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. गर्डर (क्रेनची आडवी मुख्य तुळई) भाराखाली वाकणारच, लोखंड आहे ते. पण भार काढल्यावर दोन मिलिमीटर वाकलेलाच राहिला, तर त्याने आपल्याला काहीतरी सांगितलेलं असतं.

‘सुरक्षित भार’ म्हणजे एसडब्ल्यूएल (सेफ वर्किंग लोड), आणि तो क्रेनच्या अंगावर खालून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलेला असायला हवा. तुटण्याचा भार हा वेगळा आकडा, तो यापेक्षा कितीतरी वर असतो. स्लिंग म्हणजे भार हुकाला अडकवायची साखळी, दोर किंवा पट्टा; साखळीच्या स्लिंगला साधारण चौपट, वायर रोपच्या स्लिंगला पाचपट आणि पॉलिएस्टरच्या पट्ट्याला सातपट अंतर ठेवलेलं असतं. ‘मध्ये एवढी जागा आहे ना, मग थोडं जास्त चालतं’ असं म्हणणारे सुपरवायझर मला प्रत्येक एमआयडीसीत भेटले. ती जागा झटक्यासाठी, झिजेसाठी, न दिसणाऱ्या दोषासाठी राखलेली असते. तुमच्या घाईसाठी नसते.

किती भाराने चाचणी करायची? सगळीकडे १२५ टक्केच ना?

ईओटी क्रेनसाठी, म्हणजे शेडच्या वरच्या रुळांवरून विजेवर चालणाऱ्या क्रेनसाठी, आयएस ३१७७ या भारतीय मानकाच्या चौकटीत १२५ टक्के धरतात. पाच टनी क्रेनला सव्वासहा टन, दहा टनीला साडेबारा. हा झाला उभ्या उभ्या धरून ठेवायचा भार. हलवून, चालवून, ब्रेक मारून बघण्याच्या चाचणीला बहुतेक ठिकाणी ११० टक्के वापरतात.

गोदीतल्या आणि बांधकामावरच्या उचल यंत्रांचं गणित वेगळं आहे. गोदी कामगारांची १९९० ची विनियमावली आणि बांधकाम कामगारांचे १९९८ चे केंद्रीय नियम, दोन्हींत तक्ता जवळपास सारखा: २० टनांपर्यंत २५ टक्के जास्त, २० ते ५० टनांच्या मध्ये सरसकट ५ टन जास्त, आणि ५० टनांच्या वर १० टक्के जास्त. म्हणजे ४० टनी डेरिक क्रेनला ४५ टन, १०० टनी क्रेनला ११० टन. मोठ्या क्रेनला सव्वापट भार दिला तर चाचणीच तिचं नुकसान करेल, म्हणून टक्का उतरत जातो.

तेव्हा ‘१२५ टक्के लोड टेस्ट’ एवढंच ऑर्डरवर लिहून मोकळं होऊ नका. यंत्र कोणतं आणि कुठे वापरणार हे लिहा.

कायद्याने दर वर्षी भार चाचणी सक्तीची आहे का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि यावर सर्वात जास्त गैरसमज आहेत.

कारखाने अधिनियम १९४८ चं (तो आता नव्या संहितेत सामावला गेला, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात) कलम २९ उचल यंत्रं, साखळ्या, दोर आणि लिफ्टिंग टॅकल यांच्याबद्दल होतं. त्यात शब्द आहे ‘सखोल तपासणी’, सक्षम व्यक्तीकडून, १२ महिन्यांतून किमान एकदा. माणसं किंवा माल नेणाऱ्या होईस्ट आणि लिफ्टसाठी कलम २८, तिथे मुदत ६ महिन्यांची. भाराची चाचणी नियमांनी मागितली आहे ती यंत्र पहिल्यांदा वापरात आणण्याआधी. गर्डर कापून जोडला, होईस्ट (क्रेनचा भार उचलणारा भाग) बदलला, क्षमता वाढवली, क्रेन एका शेडमधून काढून दुसऱ्यात बसवली, की तीही नवीच धरायची आणि पुन्हा भार लावायचा. गोदीत आणि बांधकामावर मात्र दर पाच वर्षांनी चाचणी आणि दर वर्षी सखोल तपासणी, असं दोन्ही लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? कारखानदार ‘लोड टेस्ट सर्टिफिकेट’ मागतो, आणि सखोल तपासणी नावाची गोष्ट त्या कागदाच्या मागे हरवते. वजन उचललं, फोटो काढला, सही झाली. हूक उघडून नट बघितला नाही, ड्रमवरचा दोर पूर्ण उलगडला नाही, ब्रेकचं लायनर काढलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण क्रेन त्या दिवशी सव्वापट भार उचलते आणि चार महिन्यांनी निम्म्या भारालाही दगा देते. भार चाचणी त्या दिवसाबद्दल बोलते. पुढच्या वर्षाबद्दल तपासणी बोलते.

ब्रिटनमध्ये उचल यंत्रांसाठी १९९८ चे लोलर नियम आहेत. तिथे तर दर वेळी जादा भार लावाच असं म्हटलेलं नाही. चाचणी करायची की नाही, कोणती करायची, हे तपासणारी व्यक्ती ठरवते. मात्र माणसं उचलणारी यंत्रं आणि स्लिंग-शॅकल (शॅकल म्हणजे पिन लावून बंद करायची जोडकडी) यांची सखोल तपासणी ६ महिन्यांनी, बाकीच्यांची १२ महिन्यांनी. भारापेक्षा डोळ्यांवर दिलेला हा जोर मला पटतो.

नव्या कामगार संहिता आल्या. आता जुनं सगळं रद्द झालं का?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची परिस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कारखाने अधिनियम, गोदी कामगारांचा कायदा, बांधकाम कामगारांचा कायदा हे तिच्यात सामावले गेले. पण संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम संक्रमणाच्या काळात चालू राहतात, त्यामुळे ‘आता कायदाच नाही, तपासणी थांबवा’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपल्या भागातल्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात विचारा आणि तोवर जुन्याच मुदती पाळा. दोर कुठल्या कलमाखाली तपासायचा हे बदलेल, झिजायची त्याची सवय बदलणार नाही.

सक्षम व्यक्ती म्हणजे कोण? आमचा मेंटेनन्स इंजिनिअर सही करू शकतो का?

पदवी, अनुभव आणि हाताशी असलेली साधनं पाहून मुख्य कारखाने निरीक्षक ज्यांना लेखी मान्यता देतात ती सक्षम व्यक्ती. महाराष्ट्रात ही मान्यता संचालनालयाकडून मिळते. ती ठरावीक मुदतीची असते आणि ठरावीक कामांपुरती असते. प्रेशर व्हेसलची मान्यता असलेला माणूस क्रेनवर सही करू शकतो असं गृहीत धरू नका. मान्यतापत्राची प्रत मागा, त्यावर कलम आणि मुदत दोन्ही वाचा. खरा माणूस याचा राग मानत नाही.

‘सक्षम व्यक्ती’ ही कल्पना कायद्यात नीट शब्दबद्ध झाली ती १९८७ च्या दुरुस्तीत, भोपाळनंतर. बाहेरच्या जाणकार डोळ्याने बघावं, हा त्यामागचा विचार. कायद्यात मोठ्या कारखान्याच्या स्वतःच्या माणसालाही अशी मान्यता मिळू शकते, पण मान्यता नसताना मेंटेनन्स इंजिनिअरने कितीही उत्तम तपासणी केली तरी ती घरची तपासणी. ती जरूर करा, दर महिन्याला करा. फक्त ती कायद्याच्या कागदाची जागा घेत नाही.

चाचणीच्या दिवशी काय काय घडतं?

सुरुवात रिकाम्या हुकाने. हूक टोकाला पोचला की वीज तोडणारा लिमिट स्विच आधी. हूक सावकाश वर नेऊन वरचा लिमिट वीज तोडतो का ते बघायचं, मग खालचा. हूक सर्वात खाली असताना ड्रमवर दोराचे किमान दोन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, मोजून बघा. इमर्जन्सी स्टॉप, पेंडंटची (क्रेनला लटकणाऱ्या कंट्रोल पेटीची) बटणं, सायरन, एलटी (रुळावरून अख्ख्या क्रेनची चाल) आणि सीटी (गर्डरवरून आडवी चाल) यांचे ब्रेक, टोकाचे बफर. रिकाम्या क्रेनने यांतलं काही केलं नाही तर तिथेच थांबायचं. भार लावायचा प्रश्नच येत नाही.

मग सुरक्षित भाराएवढं वजन. क्रॅब (गर्डरवरून फिरणारी उचलणारी गाडी) बरोबर मध्यावर आणून गर्डर किती वाकतो ते मोजायचं. लेव्हल, डायल गेज किंवा लेझर, जे असेल ते. पण रिकाम्या क्रेनचं मोजमाप आधी घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? मर्यादा ड्रॉइंगवर दिलेली असते. समजा स्पॅनचा ७५० वा भाग दिला आहे, तर १५ मीटरच्या स्पॅनला २० मिलिमीटर.

त्यानंतर जादा भार. जमिनीपासून १०० ते २०० मिलिमीटर, त्याहून वर नाही, आणि तसाच १० मिनिटं. या १० मिनिटांत कुणी बोलू नये असं मला वाटतं. कान देऊन ऐकायचं असतं. वजन हळूहळू खाली येतंय का, म्हणजे ब्रेक घसरतोय का, हे खडूच्या खुणेवरून कळतं. वेल्डमधून कट असा आवाज आला, तर भार लगेच खाली.

उतरवल्यावर पुन्हा मोजमाप, पुन्हा वेल्ड, बोल्ट, हूक. जादा भारासाठी ओव्हरलोड लिमिटर, म्हणजे भार जास्त झाला की उचल थांबवणारं उपकरण, तात्पुरता बंद करावा लागतो. तो पुन्हा चालू करून, तो खरंच कापतो हे दाखवल्याशिवाय चाचणी संपली असं म्हणू नका. एका कारखान्यात मी वर्षभरानंतर गेलो तेव्हा मागच्या चाचणीत घातलेला वायरचा जंपर तसाच पॅनेलमध्ये होता. वर्षभर ती क्रेन लिमिटरशिवाय चालली होती. ती बातमी मी त्यांच्या मॅनेजरला दिली तेव्हा ते खुर्चीत खाली बसले.

चाचणीचं वजन कुठून आणायचं? आमच्याच कॉइलनी चालेल का?

चालेल, काट्यावर मोजली असेल तर. ‘ही कॉइल अंदाजे सहा टन’ यावर चाचणी होत नाही. एमआयडीसीत जवळपास कुठेतरी वजनकाटा असतोच. गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन घ्या आणि पावती अहवालाला जोडा. हुकाला लोड सेल (लटकता भार मोजणारं उपकरण) लावला तर आणखी चांगलं, मात्र लोड सेलचं स्वतःचं कॅलिब्रेशन मुदतीत हवं. आणि स्लिंग, शॅकल, उचलायची बीम, यांचं वजनही भारात मोजायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात.

वॉटर बॅगचा पर्याय मला आवडतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, हिशेब सोपा. भार हळूहळू वाढतो, मध्येच काही बिघडल्यासारखं वाटलं तर नळ बंद. दहा टनांना दहा हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे एक मोठा टँकर. मे महिन्यात वाळूजसारख्या ठिकाणी हे पाणी फेकून देणं जीवावर येतं, म्हणून आधीच ठरवा की नंतर ते अग्निशमनाच्या टाकीत जाईल की बागेत.

कॉलमला साखळी बांधून क्रेनने ‘ओढून’ बघायची पद्धत मात्र करू नका. भार किती आला ते कळत नाही, एकदम वाढतो, आणि कॉलमचा पायाही हलतो.

चाचणी करतानाच क्रेन कोसळली तर?

कोसळते. १ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेन चाचणी चालू असताना पडली आणि ११ माणसं गेली. चाचणी म्हणजे यंत्र बरोबर आहे याची खात्री नसतानाच त्याच्यावर जादा भार टाकणं. त्यामुळे त्या वेळी क्रेन सगळ्यात धोकादायक आहे असंच समजून वागायचं.

भाराखाली कुणी नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण क्रेनच्या वर कुणी नाही, गर्डरवर मोजमाप घ्यायला कुणी चढलेला नाही, शेजारच्या बेमध्ये मशीन चालवणारे बाहेर पाठवलेत, हे तितकं पाळलं जात नाही. क्रेनच्या रुळावर किंवा रुळाजवळ, जिथे क्रेनचा धक्का लागू शकतो तिथे कुणी काम करत असेल, तर क्रेन ६ मीटरच्या आत येणार नाही याची व्यवस्था करण्याचं बंधन जुन्या कलम २९ मध्येच होतं. दोरी बांधा, खलाशांपैकी (भार बांधणाऱ्या कामगारांपैकी) एकाला फक्त माणसं अडवायला उभं करा. बघ्यांना तर अजिबात नको; मालकांनाही नको, ते कितीही हौसेने आले तरी.

माझी एक सवय आहे. चाचणीआधी सगळ्यांना गोळा करतो आणि विचारतो, आत्ता दोर तुटला तर तू कुठे पळशील? ज्याला उत्तर सुचत नाही, तो चुकीच्या जागी उभा असतो.

स्लिंग, डी-शॅकल, चेन ब्लॉक यांचीही चाचणी लागते का?

लागते. खरं तर अपघात बऱ्याचदा क्रेनमुळे होत नाहीत, हुकाखालच्या सामानामुळे होतात. कारखाने अधिनियमात या सगळ्याला लिफ्टिंग टॅकल म्हटलेलं होतं आणि कलम २९ त्यालाही लागू होतं.

गोदी आणि बांधकामाच्या तक्त्यात साखळी, कडी, हूक, शॅकल, स्विव्हल यांना २५ टनांपर्यंत दुप्पट भार आहे. तीन टनी शॅकलला सहा टन. एका चाकाच्या पुली ब्लॉकला चौपट, कारण त्याच्या वरच्या कडीवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो. ही चाचणी टेस्ट बेंचवर होते, शेडमध्ये नाही. वायर रोपचं सर्टिफिकेट वेगळ्या तऱ्हेचं: दोराचा नमुना तुटेपर्यंत ओढतात आणि त्या आकड्यावरून सुरक्षित भार काढतात.

पॉलिएस्टरच्या पट्ट्यांना पुन्हा पुन्हा भार लावून काही साधत नाही. शिवण, कापलेली कड, उन्हाने फिका पडलेला धागा, ॲसिडचा डाग बघायचा. लेबल फाटलं असेल तर पट्टा बाद, चांगला दिसत असला तरीही. रंग सगळ्यांना पाठ हवेत: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८, नारिंगी १० टन आणि वर. पण शेवटचा शब्द लेबलचा. स्थानिक बाजारात रंगाचा भरवसा प्रत्येक दुकानात सारखा नसतो.

प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर हवा. ‘शॅकल, ३ टन, २० नग, ठीक’ ही नोंद म्हणजे नोंद नव्हे. त्या वीसमधला कोणता तपासला आणि कोणता काल भंगारातून परत आला, कसं कळणार?

दोन टनाचे दोन पट्टे लावले, म्हणजे चार टन उचलता येतात ना?

सरळ उभे असतील तर. पण दोन पट्टे एकाच हुकाला लावले की ते तिरपे होतात, आणि तिरपेपणाची किंमत मोजावी लागते. उदाहरण घ्या, जॉब दोन टनाचा, दोन पाय. पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर ताण साधारण १.१५ टन. ९० अंशाला १.४१ टन. १२० अंशाला दोन टन, म्हणजे अख्ख्या जॉबचं वजन एकेका पायावर. १५० अंशाला जवळजवळ ३.८६ टन. छत कमी उंचीचं म्हणून आखूड स्लिंग लावून कोन पसरवणारे खलाशी यामुळेच धोक्यात येतात. भार चाचणी पास झालेली स्लिंग याने तुटते आणि मग दोष सर्टिफिकेटला दिला जातो.

आय-बोल्टचं, म्हणजे डोक्याला कडी असलेल्या बोल्टचं, याहून वाईट. कॉलरच्या आय-बोल्टवर ४५ अंशातून ओढ आली तर त्याची क्षमता उभ्या ओढीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येते. डाय उचलणाऱ्या प्रत्येक शेडच्या भिंतीवर हे लिहिलेलं असावं.

वायर रोप कधी बदलायचा?

नियमांत एक साधं मोजमाप आहे. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबी घ्या, त्या लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर दोर बाद. २० मिलिमीटरचा ६×३६ दोर (सहा लडी, प्रत्येकीत ३६ तारा) असेल तर १६० मिलिमीटरच्या तुकड्यात, गाभा सोडून २१६ तारांपैकी २१ च्या वर तुटलेल्या. एवढ्या तुटेपर्यंत वाट बघा असा याचा अर्थ नाही. तुटक्या तारा एकाच लडीत किंवा टोकाच्या फेरुलजवळ गोळा झाल्या असतील तर त्याआधीच काढा. चपटा झालेला, गाठ पडून सरळ केलेला, पिंजरा उघडल्यासारखा सुटलेला, वेल्डिंगची ठिणगी बसलेला दोर मोजत बसू नका.

व्यास मोजताना व्हर्नियर दोन समोरासमोरच्या लडींच्या माथ्यावर बसवा, दोन लडींच्या खाचेत नाही. दोर आतून गंजला तरी बाहेरून ठीक दिसू शकतो, पण व्यासाने बारीक होतो. कोकणातल्या आणि उरण-न्हावाशेवाकडच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. तिथे १२ महिन्यांची मुदत माझ्या मते लांब आहे.

टोकाला यू-क्लिप लावल्या असतील तर क्लिपचं खोगीर भार घेणाऱ्या दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट लावलेल्या क्लिप मी इतक्या पाहिल्या आहेत की शेडमध्ये शिरताना नजर आधी तिकडेच जाते.

हुकाला बारीक तडा आहे. वेल्डिंग करून घेतलं तर?

नाही. हूक फोर्ज केलेला असतो, त्याच्यावर वेल्डिंगची उष्णता गेली की धातूचा स्वभावच बदलतो. तसा हूक भार चाचणीत पास होईल आणि नंतर कसलीही सूचना न देता तुटेल. तोंड उघडलेला, पिळलेला, बूड झिजलेला हूकही बदलायचाच. गरम करून ठोकून सरळ करणं हा त्याच पापाचा दुसरा प्रकार. सेफ्टी लॅच तुटली असेल तर ती मात्र बदलून मिळते, महागही नसते, तरी अर्ध्या हुकांवर नसते. का, ते मला आजवर कुणी पटवून देऊ शकलं नाही.

आम्ही स्वतः आय-सेक्शन टाकून मोनोरेल बनवली आहे. तिचं काय?

मोनोरेल म्हणजे होईस्ट जिच्यावरून सरकतो ती एकच तुळई. ती उचल यंत्रच आहे, होईस्ट विकत घेतला असला तरी. आधी स्ट्रक्चरच्या इंजिनिअरकडून आय-सेक्शन, आधार आणि ज्या कॉलमवर ती बसली त्याचं गणित लिहून घ्या. गणित नसताना भार चाचणी करा म्हणून आग्रह होतो, मी नकार देतो. चाचणी गणिताचा पडताळा असते, पर्याय नसते. ट्रसला लोंबकळवलेला चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून भार उचलायचं यंत्र) हाही याच घरचा: छताचा ट्रस पत्रा आणि वारा पेलायला बनवलेला असतो, तुमची मोटर उचलायला नाही.

हायड्रा (चाकांवर चालणारी बूमची क्रेन) भाड्याने आणतो. जबाबदारी मालकाची की आमची?

गेटच्या आत काम करून घेणारे तुम्ही, तेव्हा फक्त गाडीमालकाकडे बोट दाखवून सुटका नाही. गाडी आत घेण्याआधी चालू मुदतीचा तपासणी अहवाल, चेसिस नंबर जुळतो का, लोड चार्ट केबिनमध्ये आहे का, ऑपरेटरचा परवाना, हे बघा. अशा क्रेनची क्षमता एक आकडा नसते. बूम जितकी लांब आणि आडवी, तितका भार कमी. ‘चौदा टनी हायड्रा’ बूम पूर्ण काढल्यावर चौदा टन उचलत नाही. भार लटकवून चालताना खलाशी पुढे हाताने जॉब धरून चालतो, ते बंद करा. दोरी बांधून बाजूने चालायला लावा.

बांधकामावर, पुलाच्या कामावर काय वेगळं?

तिथलं यंत्र एका जागी राहत नाही. टॉवर क्रेन मजल्यांसोबत वाढते, पुलाचे गर्डर खांबांवर ठेवणारा लाँचर एका खांबावरून पुढच्यावर सरकतो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर लाँचर कोसळून २० कामगार गेले. त्यांतले बरेच जण दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. अशा यंत्राला कारखान्यातून निघताना मिळालेलं सर्टिफिकेट पहिल्या उभारणीपुरतं. नव्या जागी जोडलं, उंची वाढवली, अँकर बदलला, की पुन्हा तपासणी आणि चाचणी. रात्रपाळीत हे होणार नसेल तर काम सकाळपर्यंत थांबवा.

चाचणीचा अहवाल खरा आहे हे कसं ओळखायचं?

यंत्राचा नंबर, सुरक्षित भार, लावलेला भार किलोत किंवा टनात, वजनाचा पुरावा, वाकण्याची मोजमापं, सापडलेले दोष आणि त्यावरची मुदत, मान्यता क्रमांक. ‘दोष: नाही’ असं सलग चाळीस क्रेनपुढे लिहिलेलं असेल तर मला शंका येते. एका दिवसात एकाच माणसाने चाळीस क्रेनची चाचणी केली असेल तर शंकेलाही जागा उरत नाही. एका क्रेनला नीट वेळ दिला तर दिवसात दोन-तीनच होतात. घरबसल्या अहवाल देतो असा फोन आला तर ठेवून द्या. स्वस्त पडतो खरा, पण अपघातानंतर पहिला प्रश्न त्याच कागदावर येतो आणि खाली सही करणारा फोन उचलत नाही.

चाचणीत क्रेन नापास झाली. उत्पादन बंद ठेवायचं का?

तिच्यापुरतं, हो. पण नापास म्हणजे भंगार नव्हे. बऱ्याचदा ब्रेक लायनर, लिमिट स्विच, एखादा दोर एवढंच असतं आणि ते दोन दिवसांत होतं. गर्डरमध्येच दोष असेल तर कधी कधी क्षमता कमी करून, नवा आकडा रंगवून क्रेन चालवता येते. हे सक्षम व्यक्तीने लेखी द्यायला हवं, तोंडी नाही. दुरुस्ती होईपर्यंत मेन स्विचला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या. नुसती ‘वापरू नये’ची पाटी लावली की रात्रपाळी ती काढून बाजूला ठेवते.

सोसायटीतल्या लिफ्टलाही हेच लागू आहे का?

नाही. इमारतीतल्या लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी राज्याचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे कार्यालयही वेगळं.

ऑपरेटरने रोज काय बघावं?

पाळी सुरू होताना पाच मिनिटं. हूक आणि लॅच, दोर ड्रमवर एकमेकांवर चढलाय का, वरचा लिमिट रिकाम्या हुकाने एकदा, पेंडंटच्या केबलला ताण आहे का, काही नवीन आवाज. दिवसाचा पहिला जड जॉब अर्धा फूट उचलून थांबायचं, ब्रेक धरतो हे बघून मगच पुढे. वहीत सही, आणि काही खटकलं तर तेही त्याच वहीत, त्याच्याच शब्दांत. चाकणच्या एका शेडमध्ये अशा वहीत एका ऑपरेटरने लिहिलं होतं, ‘खाली सोडताना आज वेगळा आवाज येतो.’ ब्रेक उघडून बघितला तेव्हा लायनरचा रिव्हेट ड्रमवर घासत होता. ती क्रेन सहाच आठवड्यांपूर्वी भार चाचणीत पास झाली होती.